जागी लेकरं

वेचणीला येणाऱ्या कासाबाईचं तान्हं लेकरू, अंगद, शुद्धीवर येऊन आठ दिवस झाले होते आणि त्या आठ दिवसांत शिवाप्पांच्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. गुरुवारी सकाळी मात्र बोलणं भाग पडलं. दुपारच्या गाडीनं परभणीहून आबकारीचे इन्स्पेक्टर पेडगावला उतरणार होते.

शिवाप्पांनी पूजा आटोपून सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. गावातलं सरकारी अफू-गांजाचं दुकान बावीस वर्षं त्यांच्या नावावर होतं. थोरला मुलगा मन्मथअप्पा तिथं तराजू धरून बसायचा. धाकटा सांबप्पा कापसाच्या गाड्या घेऊन गावोगाव हिंडायचा.

"साहेब दोन गोष्टी इचारतील," शिवाप्पा म्हणाले. "लेकराला अफू कुणी दिली, आन् ती कुठली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तसं लिहून धाडलंय. आपल्या परवान्याचं साल संपायलंय. काय सांगायचं ते आत्ताच ठरवा."

"त्यात ठरवायचं काय हाय? म्या दिली," शिवाप्पांची बायको चन्नबसम्मा म्हणाली. नवऱ्यासमोर ती सहसा खाली बसत नसे, पण आज ती भिंतीला टेकून बसली होती. "गावात कुणाच्या लेकराला म्या गोळी दिली न्हाई ते सांगा. बाया दिवसभर कापूस वेचत्यात. लेकरू झोळीत रडत ऱ्हायलं तर वेचणी कशी व्हायची? मुगाच्या डाळीएवढी गोळी. जायफळ, गूळ आन् उगं वास येण्यापुरती अफू. त्या दिशीबी रोजच्याएवढीच दिली होती. माझ्या गोळीनं कुणाचं लेकरू मेलं न्हाई."

महादेवी दाराआडून ऐकत होती. थोरली सून, माहेर चारठाण्याचं. त्या दिवशी अंगदला मांडीवर घेऊन तीच कासाबाईबरोबर बैलगाडीतून परभणीला गेली होती. दोन तासांच्या वाटेत लेकराच्या तळपायांना ती चिमटे काढत राहिली होती. लेकरानं पाय म्हणून आखडला नव्हता. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत त्याला झोपू दिलं नाही. अंगद पहिल्यांदा किंचाळला तेव्हा डॉक्टरच खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. निघताना ते महादेवीला म्हणाले होते, "गोळी बंद करा म्हणून सांगणं सोपं आहे, बाई. ती लेकरं दिवसभर सांभाळणार कोण, ते आधी बघा."

"मामा, मी बोलू का?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

शिवाप्पांनी मान हलवली.

"सरकीची खोली मला द्या. वेचणीला येणाऱ्या बायांची अकरा लेकरं हायत. आढ्याला झोळ्या बांधू. कासाबाईची सासू म्हाळसाबाई आन् आणखी दोघी म्हाताऱ्या सांभाळायला तयार हायत. धनगरवाड्यातून शेळीचं दूध येईल. अंगावरच्या लेकरांच्या आया दिवसातून दोनदा पाजायला येतील. येताना त्यांना कुणी बोलायचं न्हाई, एवढंच."

"सरकीची खोली?" सांबप्पा लगेच म्हणाला. "तिथं बैलाचं खाणं हाय वैनी. लेकरं घाण करतील. गोठ्याची पडवी घ्या की."

महादेवीला नवल वाटलं. घरात कुठं काय ठेवलंय याची ज्याला कधी फिकीर नसायची, त्याला आज सरकीची काळजी पडली होती.

"सांबा बरोबर बोलायलाय," चन्नबसम्मा म्हणाली. "आन् अकरा लेकरं एका जागी रडायला लागली तर गाव गोळा होईल. कुणी दिलं हे डोक्यात घालून तुझ्या?"

"डॉक्टरनं."

"डॉक्टरला किती लेकरं हायत?"

महादेवीनं नवऱ्याकडं पाहिलं. मन्मथअप्पानं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. "अप्पा," तो म्हणाला, "साहेब आल्यावर त्यांना दाखवायला काहीतरी चांगलं असलं तर बरंच हाय. परवान्याला बरं पडंल."

नवरा आपल्या बाजूनं बोलला, पण भलत्याच कारणानं. महादेवीच्या जिवाला ते लागलं. तरी तिनं ते गिळलं. खोली मिळत होती.

"आजच्या दिवस घे," शिवाप्पा म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

*

सूर्य कासराभर वर आला तोवर अकरा लेकरं आली. महादेवीनं जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या होत्या आणि सरकीचा ढीग कोपऱ्यात लोटून त्यावर तरट टाकलं होतं. आया दारात घोटाळत होत्या. कुणी पुन्हा आत जाऊन लेकराच्या डोक्यावरून हात फिरवून येत होती. कुंभाराच्या सुनेनं हळूच विचारलं, "चन्नबसम्मा अव्वाची गोळी द्यायचीच न्हाई का? तिची सवय हाय हिला."

"सवय हाय म्हणून तर रडंल," महादेवी म्हणाली. "दोन-तीन दिवस लय रडंल. डॉक्टरनं सांगितलंय. आमी हाव इथं."

बाया गेल्या आणि घटकाभरात रडणं सुरू झालं. आधी एक, मग तिघं, मग सगळीच. म्हाळसाबाई एकाला खांद्यावर टाकून अंगणात फिरू लागली, तोवर आत चौघं गळा काढून ओरडत होती. महादेवीचा पदर दुधानं भिजला, वेणी सुटली. एकाचं तोंड पुसावं तर दुसरं ओकायचं. आणि तरीही तिच्या अंगात असं काही भरलं होतं की तिला दमल्यासारखं वाटतच नव्हतं.

पेडगावात वेचणीच्या दिवसांत असा आवाज कुणी ऐकला नव्हता. या दिवसांत माणसं शेतात असायची, लेकरं बांधावरच्या बाभळींना टांगलेल्या झोळ्यांत निपचित पडलेली असायची आणि गाव दुपारभर मुकं असायचं. लोहारानं भाता थांबवून कान दिला. पारावरची म्हातारी माणसं उठून बघायला आली. "काय झालं? कोण गेलं?" एकानं विचारलं.

"कुणी गेलं न्हाई, बाबा," म्हाळसाबाई म्हणाली. "आलेत सगळे."

शेत गावाला लागूनच होतं. तिथवर आवाज पोचला तसे बायांचे हात थांबले. कुंभाराच्या सुनेनं ओटीतला कापूस खाली टाकला आणि ती बांधाकडं निघाली. कासाबाईनं तिचा हात धरला.

"सोड. माझी पोर रडायलीय."

"रडू दे. रडतंय मंजी जितं हाय," कासाबाई म्हणाली. "माझा अंगद त्या दिशी रडला न्हाई. म्या खूश होते, की आज लय शहाण्यासारखं निजलंय. चार ओळी जास्त वेचल्या म्या."

कुंभाराच्या सुनेनं खाली वाकून सांडलेला कापूस गोळा केला.

*

सांबप्पानं तो आवाज गोठ्यातून ऐकला आणि त्याची नजर सरकीच्या खोलीकडं गेली. सरकीच्या ढिगाखाली, पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या अफूच्या तीन वड्या होत्या. पैनगंगेपलीकडून, वऱ्हाडातून आणलेल्या. कापसाच्या गाडीत तळाला घालून त्यानं त्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून काढल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता. दुकानातून माणशी द्यायची अफू निम्म्यावर आणली होती. सरकारला वाटलं, कमी मिळाली की खाणारे कमी खातील. पण ज्यांची हाडं तिच्यावाचून उठत नव्हती ते मन्मथअप्पाच्या दुकानाबाहेर हात जोडून उभे राहू लागले. मन्मथअप्पा नियमानं वागायचा. सांबप्पाला पहिल्यांदा त्यांची कीव आली होती, हे खरं होतं. नंतर कीव राहिली नाही, धंदा राहिला. घरात कुणाला त्यानं कळू दिलं नव्हतं.

सकाळपासून तो दोनदा खोलीच्या दाराशी जाऊन आला होता. दोन्ही वेळा म्हाळसाबाईनं त्याच्या हातात एकेक लेकरू दिलं होतं. गाडी येण्याची वेळ झाली तसा तो टोपलं घेऊन निघाला. बैलाला सरकी काढतोय म्हणायचं.

*

चन्नबसम्मानं दुपारपर्यंत सोसलं. भाकरी थापताना, ताक करताना ते रडणं तिच्या कानात घुसत होतं. तिला राग सुनेचा आला होता, पण जीव लेकरांसाठी तुटत होता. एवढं तळमळत ठेवायचं, आणि हातात उपाय असताना. शेवटी तिनं फडताळातली पितळेची डबी कमरेला खोचली आणि ती मागच्या दारानं खोलीत शिरली.

महादेवी दूध आणायला गेली होती. म्हाताऱ्या लेकरं घेऊन अंगणात होत्या. आत चार झोळ्या हलत होत्या. कुंभाराच्या सुनेची पोर निळी-जांभळी होईस्तोवर रडत होती. चन्नबसम्मानं तिला उचलून मांडीवर घेतलं, डबी उघडली आणि गोळी बोटावर घासली.

तेवढ्यात कुणीतरी तिचं गळ्यातलं ओढलं.

शेजारच्या झोळीतून अंगद वर आला होता. आठ महिन्यांचं ते पोर झोळीच्या काठाला धरून उभं राहू बघत होतं आणि त्याच्या मुठीत तिच्या इष्टलिंगाचा दोरा होता. एरवी तिनं कुणा परक्याला त्याला हात लावू दिला नसता. आता ती सोडवायला गेली, तर पोरानं तोंड भरून "आं" केलं, जणू तिनंच त्याला काहीतरी विचारलं होतं. त्याचे डोळे काळेभोर आणि लखलखीत होते. ते तिच्या नथीकडं बघत होते, मग कुंकवाशेजारच्या भस्माकडं, मग पुन्हा नथीकडं.

गेले सात महिने ती या पोराला गोळी देत आली होती. त्याचे डोळे असे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

मग तिला पार्वतीचे डोळे आठवावेसे वाटले. पार्वती तिची पहिली लेक. सासूनं दिलेली गोळी खाऊन निजायची. गुणाची पोर, कधी रडत नाही, असं सगळे म्हणायचे. सहाव्या महिन्यात एका दुपारी ती निजली ती उठली नाही. दृष्ट लागली म्हणाले. चन्नबसम्मानं चाळीस वर्षं ते मानलं होतं. आता तिनं खूप आठवून पाहिलं. लेकीचे मिटलेले डोळे तेवढे आठवत होते.

तिनं बोट पदराला पुसलं. पुन्हा पुसलं.

दार करकरलं. सांबप्पा टोपलं घेऊन आत आला आणि झोळ्यांमागं बसलेली आई न दिसल्यानं थेट कोपऱ्यात गेला. तरट बाजूला करून त्यानं कोपरापर्यंत हात सरकीत घातला आणि पानांची पुडकी वर काढली.

"काय हाय ते?"

सांबप्पा दचकून मागं वळला.

चन्नबसम्मा पोरीला खांद्यावर घेऊन जवळ आली. तिनं एका पुडक्याचं पान उचकटलं, वास घेतला आणि कमरेच्या डबीतल्या गोळीचा वास घेतला. "मागल्या पंधरवड्यात तू मला अफू दिली होतीस. दुकानातली हाय मनलास."

"अव्वा..."

"हीच का ती?"

त्यानं मान खाली घातली. "दुकानातलीपरीस कडक हाय ही. मला काय म्हाईत तू गोळ्यांत घालशील. तुला गुडघ्याला लावाया दिली होती."

"म्या रोजच्याएवढीच दिली," ती स्वतःशीच म्हणाली. "आठ दिस झालं मी हेच सांगायले सगळ्यांना." मग तिनं त्याच्या हातातली पुडकी आपल्या पदरात घेतली. "तू मागल्या दारानं जा. मी सांगते, माझीच हायत. मला म्हातारीला काय करतेत?"

बाहेर गाडीची शिट्टी वाजली. तिच्या खांद्यावरची पोर हुंदके देत होती. सांबप्पा दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

*

इन्स्पेक्टर हिदायत अली पन्नाशीचे, सडपातळ. स्टेशनावरून चालत आले तेव्हा त्यांच्यामागं अर्धं गाव होतं. अंगणात पाऊल टाकताच त्यांनी कानांवर हात ठेवले. "या अल्ला. शादी हाय का इथं?"

"लेकरं हायत साहेब," मन्मथअप्पा म्हणाला. त्यानं वह्या, परवाना, सरकारी शिक्क्याची अफू, सगळं ओसरीवर मांडून ठेवलं होतं. साहेब बसून ते बघत असताना तो ताठ उभा होता. त्याच्या दुकानात गुंजभर फरक नव्हता.

"दुकान साफ हाय," साहेब म्हणाले. "पण डॉक्टर म्हणतात, लेकराच्या पोटात गेला तो माल इतका हलका नव्हता. मग कुठून आला?"

मन्मथअप्पाला उत्तर ठाऊक नव्हतं. आतून आई आली तेव्हा तिच्या पदरातला भार बघून मात्र त्याला ते कळलं. बावीस वर्षांचं नाव गेलं, हे त्याला त्याच क्षणी दिसलं.

चन्नबसम्मानं पुडकी साहेबांपुढं ठेवली. त्यावर पितळेची डबी ठेवली. "गोळी म्या केली. लेकराला म्या दिली. आन् हा माल..."

"माल माझा हाय," सांबप्पा मागून म्हणाला. तो गर्दीतून पुढं आला. "म्या आणला. वऱ्हाडातनं. दादाला म्हाईत न्हाई, अप्पाला म्हाईत न्हाई. अव्वाला आत्ता कळलं."

मन्मथअप्पा भावाच्या अंगावर धावून जाणार होता. एक पाऊल टाकलंही त्यानं. पण सांबप्पा मार खायला तयार असल्यासारखा उभा होता. मन्मथअप्पाचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तिथंच राहिला.

"परभणीला चलावं लागेल," साहेब म्हणाले. "स्वतःहून दिलंस हे मी लिहीन."

तेव्हा महादेवी पुढं झाली. परक्या पुरुषासमोर ती आजवर बोलली नव्हती. सासरा बघत होता, गाव बघत होतं. "साहेब, एक इचारू? बिनशिक्क्याची अफू धरली की गुन्हा. शिक्क्याची अफू लेकराला चढत न्हाई का?"

साहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, सरकार दुकान मोठ्या माणसांसाठी देतं."

"मोठी माणसं घरी नेत्यात आन् लेकरांना देत्यात. वहीत ते कुठं लिवलेलं असतंय?"

"चढती, साहेब," चन्नबसम्मा म्हणाली. तिचा आवाज इतका खाली होता की पारावरची माणसं पुढं सरकली. "माझी पार्वती शिक्क्याच्याच अफूनं गेली. दृष्ट न्हवती ती."

शिवाप्पांनी बायकोकडं पाहिलं. चाळीस वर्षांत त्या दोघांनी ते नाव एकमेकांपुढं घेतलं नव्हतं. ते हळूहळू ओसरीच्या कडेला आले, त्यांनी साहेबांसमोरचा परवाना उचलला, त्याची घडी केली आणि साहेबांच्या हातात दिला.

"पुढल्या साली आमच्या नावानं नको."

"शिवाप्पा, तुम्ही सोडलं तर दुसरा कुणी घेईल. सरकार दुकान बंद नाही ठेवत."

"घेऊ द्या. घेईल त्याला हे रडणं ऐकत तराजू धरावा लागंल."

साहेब बराच वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी महादेवीला शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. पेडगावच्या बायांनी लेकरं ठेवायला खोली केली आहे, हे आपण डोळ्यांनी पाहिलं, आणि तान्हं लेकरू असलेल्या घराला अफू विकायला मनाई करावी, अशी शिफारस आहे. "वर मानतील का ते ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण कागद जाईल."

जाताना सांबप्पा आईच्या पाया पडला. "भाकरी बांधून देते, थांब," एवढंच ती म्हणाली. मन्मथअप्पा त्याच्याबरोबर स्टेशनापर्यंत गेला, आणि गाडी आली तसा तिकीट नसतानाही परभणीपर्यंत त्याच्या शेजारी बसून गेला.

*

दिवस मावळायच्या आत बाया कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन परतल्या. पाजायला येऊन गेलेल्या आयांनी शेतात सगळी खबर पोचवली होती. कोण पकडलं गेलं, परवाना कसा गेला, महादेवी साहेबाला काय बोलली. कुंभाराची सून तर ते तिसऱ्यांदा सांगत होती आणि दर वेळी त्यात महादेवीचं एक वाक्य वाढत होतं. आज कुणाचे पाय जड नव्हते. गावात शिरताच त्यांनी आपापल्या लेकरांचे आवाज ओळखायला सुरुवात केली.

"ती माझी."

"तुझी कुठली, तो खोकतोय तो माझा."

कासाबाईनं कान दिला. सगळे आवाज होते. अंगदचा नव्हता.

तिच्या डोक्यावरचं गाठोडं केव्हा पडलं हे तिला कळलं नाही. ती धावत अंगणात शिरली, म्हाळसाबाईला ओलांडून खोलीत गेली. अंधूक उजेडात चन्नबसम्मा भिंतीशी मांडी घालून बसली होती. मांडीवर अंगद होता. डोळे मिटलेले, मूठ सैल पडलेली, अगदी त्या दिवसासारखा.

कासाबाईनं झडप घालून पोर उचललं आणि छातीशी धरून गदागदा हलवलं.

अंगदनं डोळे उघडले. आधी काही न कळून आईकडं बघितलं, मग त्याचा ओठ मुरडला आणि त्यानं असा सूर लावला की विझत आलेली बाकीची दहाच्या दहा पुन्हा पेटली. कासाबाईनं त्याला उराशी घट्ट आवळलं. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दारात उभी असलेली महादेवीही हसायला लागली, मग मागच्या बाया.

"मेले," चन्नबसम्मा कासाबाईवर डाफरली, "दोन घटका मांडी हलवून, घसा कोरडा होईस्तोवर गाणं म्हणून निजवलं होतं त्याला. उठवून ठेवलंस."

आणि तिनं पोराला परत घ्यायला दोन्ही हात पुढं केले.